कालिरोईच्या नावाचे गहू

प्रिय स्ट्रातोस,

आपली गाढवीण कालिरोई गेली. तिकडे मेलबर्नला बसून खुशाल हस. मी मात्र मेलेल्या माणसांसाठी शिजवतात तसे गोड गहू शिजवले, वर डाळिंबाचे दाणे पेरले आणि ताट चर्चमध्ये नेलं. फादर लेफ्तेरिसनी धूप फिरवत, मृतांच्या नावांत तिचंही नाव घेतलं.

बाहेर गहू वाटताना शेजारच्या वासोनं विचारलं, "कालिरोई कोण गं? मावशी का?"

"गाढवीण."

फादरांचा घास तोंडातच राहिला. "अगं, जनावराचा प्राण मातीत जातो!"

"माणसाचा वर जातो नि जनावराचा खाली, हे कुणाला ठाऊक, असं बायबलच विचारतं. तुम्हाला कधी कळलं?"

"वर गेलीस तरी ही जीभ इथंच ठेवून जा, बाई." पण त्यांनी घास गिळला. मग हळूच म्हणाले, "एवढा हट्ट कशाला?"

"वर मला ओळखणारं कुणीतरी नको का? माझी चाहूल लागली की तीच तेवढी ओरडायची."

"भाऊ आहे की तुझा."

मी ताट पुसत राहिले.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तुला वाईट वाटलं नाही, तर मला ते सोसायचं नाही.

तुझी ताई,
अर्गिरो