पुनमच्या पुस्तकातला घोडा

तीर्थस्वरूप ग्यानोबादादास,

धाकट्या सिंधुचा पाया पडून नमस्कार. तुमचा गुडघा वाकतोय का, वहिनींचा खोकला हटला का, आन् लोह्याच्या बाजारात अजून तेवढंच भांडता का, ते कळवा. मी इथं लातूरला मजेत हाय. पुनमच्या डॉक्टरकीच्या क्लासपायी खोली केली, नातीला भाकरी करून घालते.

पत्राचं कारण, मला स्वप्न पडलं. पांढरा घोडा दारात उभा, माझ्याकडं बघून राहिलता. पुनमला सांगितलं तर तिचं तोंडच उतरलं. म्हणाली, आजी, पुस्तकात स्वप्नी घोडा आला की मरण येतंय, ते प्रतीक असतंय. म्हणजे दिसतो घोडा आन् असतंय मरण. (मग मरण दिसलं तर घोडा समजायचा का?) तवापासून मला बादली उचलू देत न्हाई, रोज शिरा करती. शिरा बरा असतो, पण मला संशय आला. किल्लारीला भूकंपाच्या रात्री गणपती बोळवून अख्खं गाव निजलं, एवढी माणसं गेली, आमचे हे गेले, पण कुणाच्या स्वप्नात साधं शिंगरू आलं न्हाई. मग पुस्तकातलेच घोडे एवढे हुशार कसे? आन् बेडकाची हाडं पाठ करणाऱ्या पोरीला हे ज्ञान दिलं कुणी?

मी पाळत ठेवली. पहिला संशय घरमालकीण अमीरबीवर. (तिच्याकडं पुस्तकं लई, पण सगळी भरतकामाची निघाली.) मग पुनमच्या उशाखाली घावली कादंबरी, वरून फिजिक्सचं कव्हर. म्हणलं, आता वाच मोठ्यानं. त्यातल्या माणसाला काळा घोडा दिसला आन् चार पानांत तो मेला. आम्ही दोघी पोटभर रडलो. इतकं बरं मला कुठल्या लग्नातबी वाटलं न्हाई. आता रोज वाचून घेते.

रडता रडताच पोरगी बोलली. तिला डॉक्टर व्हायचं न्हाई, नांदेडला मराठी शिकायचंय. हाडं पाठ करताना जीव घुसमटतोय म्हणती. आन् तिच्या बापाचं, माझ्या बालाजीचं, तुम्हाला ठाऊक. ढिगाऱ्यातून बाप जित्ता काढला, पण डॉक्टर येईपर्यंत गेला. तवापासून त्याचा एकच ध्यास, घरात डॉक्टर पाहिजे. पोरगी त्याच्यापुढं तोंड उघडायची न्हाई.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमची सिंधु

ता. क. पुढच्या आठवड्यात बालाजी माळेगावच्या खंडोबाला येतोय, तुमच्याकडंच उतरल. तिथून पुनमचं नाव पुढच्या क्लासात घालायला इकडं येणार. बाप गेल्यावर तो फक्त मामाचं ऐकतो. त्याला सांगा, पांढरा घोडा म्हणजे मरण न्हाई, साक्षात खंडोबा. आन् घोड्याचं तोंड नांदेडकडं होतं. तुम्ही जत्रेत जन्मभर घोडी पारखली, तुमचा शब्द तो मोडायचा न्हाई.

आणखी ता. क. खरं म्हणजे स्वप्नात गाढव आलतं, पुनमला सांगताना लाज वाटली म्हणून घोडा केला. आता गाढवाचं बालाजी कशाला ऐकल, आन् पुनमच्या पुस्तकात गाढवाला काही अर्थच न्हाई. तोंड मात्र, दादा, खरंच नांदेडकडं होतं.