टीप घेण्याचं ट्रेनिंग

२ नोव्हेंबर
आज भाऊसोंनी केबिनमध्ये बोलावलं. भाऊसो म्हणजे आमचे मालक. उसावर पैसा केला आणि शिरोली एमआयडीसीच्या रस्त्याला हॉटेल काढलं. म्हणाले, धैर्यशील, हॉटेलला जनरल मॅनेजर नेमायचा हाय. आमच्या पोरीचं, प्रीतीचं लगीन एकदा पार पडू दे, मग बघू. 'बघू' म्हणाले, पण माझ्याकडे बघून म्हणाले. आणि माझ्याशिवाय हॉटेलात इंग्रजी येणारं दुसरं आहेच कोण?
घरी स्नेहलला सांगितलं, जवळजवळ झालंच. तिने लगेच माहेरी फोन लावला. त्यात 'जवळजवळ' गाळलं. मीही मध्ये बोललो नाही. नवऱ्याने बायकोच्या फोनमध्ये बोलू नये.

४ नोव्हेंबर
पद मिळण्याआधी काहीतरी भरीव करून दाखवायला हवं. सापडलं! आपल्याकडे टिपिंग कल्चरच नाही. मोठ्या हॉटेलात बॅग उचलणाऱ्याला, खोली आवरणाऱ्याला गेस्ट टीप देतो. इथे गेस्ट देत नाही, आणि दिलीच तर स्टाफ घेत नाही. काल एकाने ललिताला (हाउसकीपिंग) नोट दिली, तर ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या दादा, पोरांस्नी खाऊ न्या. दादांनी नोट खिशात घातली आणि गेले. अशाने स्टँडर्ड कसं वाढणार?
संकल्प: स्टाफला टीप घ्यायला शिकवणे. महिन्याच्या आत.

५ नोव्हेंबर, दुपारी
पहिलं ट्रेनिंग. बॅग ठेवली की लगेच वळायचं नाही. एसी दाखवायचा, गीझर दाखवायचा आणि हलकं स्मित करून जरा उभं राहायचं. मी स्वतः करून दाखवलं. बॅगा उचलणाऱ्या सिकंदरने विचारलं, पावण्याकडनं पैसं मागायचं व्हय? मी म्हणालो, मागायचं नाही, नुसतं उभं राहायचं. तो म्हणाला, म्हंजे मागायचंच की. सूक्ष्म गोष्टी या लोकांना समजत नाहीत.

६ नोव्हेंबर
सिकंदर एका गेस्टची बॅग घेऊन वर गेला तो बराच वेळ खाली आला नाही. वाटलं, जमलं! वर जाऊन बघतो तर साहेब गेस्टच्या पलंगावर बसलेले. गेस्ट राधानगरीचे, दुधाचा धंदा. हा स्मित करत उभा राहिलेला पाहून ते म्हणाले, उभं का, बसा की वाईच. हा बसला. मग गाव कुठलं, म्हशी किती. सिकंदरच्या मावशीचं घर त्यांच्या शेजारच्या गावात निघालं. त्या आनंदात सिकंदरने पदरच्या पैशाने त्यांना चहा पाजला. म्हणजे टीप उलट्या दिशेने गेली. झाडला त्याला. तर म्हणतो, तुमीच म्हणलासा उभं ऱ्हावा म्हणून.

९ नोव्हेंबर
स्नेहलचा वाढदिवस. बाहेर मटणाचं ताट खाल्लं. वेटरने रस्सा न मागता पुन्हा पुन्हा वाढला, पण बिल ठेवताना चेहऱ्यावर स्मित नव्हतं. टीप ठेवली नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. अर्धवट सर्व्हिसला टीप देणं म्हणजे वाईट सवय लावणं. बाहेर आल्यावर स्नेहल हातरुमाल विसरला म्हणून परत आत गेली. रुमाल तिच्या हातातच होता. विसरभोळी झाली आहे.

१२ नोव्हेंबर
स्टाफचा नाद सोडला. आता गेस्टनाच शिकवायचं. खोलीत सुंदर पाकीट ठेवलं की माणसाला आपोआप द्यावंसं वाटतं. महाद्वार रोडला गेलो. छापून घ्यायला फार पैसे पडतात, पण एका दुकानात तयार पाकिटं मिळाली. सोनेरी कड, कोपऱ्यात गणपती, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. काय क्लास! दुकानदाराने विचारलं, कुणाचं लगीन? म्हणालो, हॉटेलसाठी हवीत. म्हणाला, व्हय, आता समदी लग्नं हॉटेलातच. माणूस जरा ऐकायला कमी असावा. 'आपुलकीने द्या' असा शिक्का करून घेतला.

१६ नोव्हेंबर
प्रत्येक खोलीत पाकीट ठेवलं. पाकिटात अजून काही आलेलं नाही. काही पाकिटांवरची नाणी मात्र गेली. सुरुवातीला असं होतंच.

२० नोव्हेंबर
प्रीतीचं लग्न आमच्याच हॉलमध्ये, २८ तारखेला. भाऊसोंची सगळी भावकी येणार. माझी योजना सगळ्यांसमोर एकदम यशस्वी झाली की भाऊसोंना 'बघू' म्हणायला जागाच राहणार नाही. हॉलच्या दाराशी एक मोठी पेटी ठेवतो. झेंडूच्या माळा लावून. शेजारी पाकिटं आणि पेन. भाऊसोंना सांगितलं नाही. सरप्राइज.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळी
यश! यश! यश! पेटीला रांग लागली. माणसं स्वतःहून पाकीट उचलत होती, वर नाव घालत होती, पेटीत टाकत होती. मुरगूडच्या झुंबरबाई, भाऊसोंच्या आत्या, त्यांनी मला विचारलं, हितंच टाकायचं न्हवं? मी म्हणालो, हो आजी, आपुलकीने. त्यांनी पाकीट टाकून पेटीला हात जोडले. स्टाफबद्दल एवढा आदर मी पुण्याच्या मोठ्या हॉटेलांतही पाहिला नाही.
संध्याकाळी पेटी उघडली. कित्येकांनी नावाखाली 'शुभाशीर्वाद' लिहिलंय. सही करून, आशीर्वाद देऊन टीप! याला म्हणतात संस्कार.
एक गोष्ट मात्र खटकली. स्टेजवर नवरा-नवरीला आहेर फारसा कुणी दिला नाही. अक्षता टाकायची, फोटो काढायचा, जेवायला पळायचं. भाऊसोंचे पाहुणे तसे चिक्कूच.

२९ नोव्हेंबर, सकाळी
पाकिटं फोडली आणि सगळ्या स्टाफला सारखे पैसे वाटले. छोटंसं भाषण केलं. ललिता म्हणाली, सायेब, ह्यावर नावं हायती की. मी म्हणालो, चांगले गेस्ट नाव लपवत नाहीत. सिकंदर म्हणाला, ह्ये काय आपलं वाटंना. दोघांनी पैसे टेबलावरच ठेवले. कौतुकसुद्धा पचत नाही यांना. रिकामी पाकिटं घंटागाडीत दिली. स्वच्छता म्हणजे स्वच्छता.

३० नोव्हेंबर
भाऊसो ओरडत आले. संपूर्ण हॉटेलने ऐकलं. ती पाकिटं आहेराची होती म्हणे. पेटीही आहेराचीच समजले सगळे. मी शिक्का दाखवला. भाऊसो म्हणाले, आहेर काय रागानं देत्यात व्हय?
मी शांतपणे सांगितलं की पैसे कुठे गेलेले नाहीत. दुपारपर्यंत स्टाफने सगळे आणूनही दिले. पण भाऊसो डोकं धरून बसले. कुणी काय घातलं ते कळायला नको? उद्या त्येंच्यात लगीन निघालं तर म्या काय घालू? कमी घातलं तर तोंड दाखवायला जागा न्हाय. जास्त घातलं तर म्हणत्यात, माज आलाय.
याला उपाय एकच, ते म्हणाले. ज्याने पाकिटं घंटागाडीत टाकली त्याने घरोघर जाऊन विचारायचं. म्हणजे मी.
घरी स्नेहलला म्हणालो, पब्लिक रिलेशन्सचा दौरा आहे.

४ डिसेंबर
मुरगूड. राधानगरी. मधली गावं. चार दिवस मोटरसायकलवर. आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती. परक्याच्या घरात शिरून विचारायचं, तुम्ही पाकिटात किती घातले होते? आधी कुणाला पटतच नाही. मग बायका आतून बाहेर येतात. मग सगळं घर हसतं. मग जेवल्याशिवाय सोडत नाहीत. एका घरी तर त्या बाईंनी शेजारणींना बोलावून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.
शिवाय प्रत्येकाने सांगितलेला आकडा जरा फुगलेलाच. जे लग्नाला आलेच नव्हते तेही म्हणाले, आमचंबी लिवा. भाऊसोंपुढे बेरीज ठेवली. जमलेल्या रकमेपेक्षा बरीच जास्त निघाली. भाऊसोंनी बेरजेकडे बघितलं, मग माझ्याकडे. जाऊ दे म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

९ डिसेंबर
परिस्थिती दिसते तितकी वाईट नाही. शांतपणे विचार केला तर भाऊसोंच्या सगळ्या नातेवाइकांना आता मी नावानिशी माहीत आहे. कोणत्या उमेदवाराकडे हे आहे? झुंबरबाईंनी तर फोन करून भाऊसोंना सांगितलं म्हणे, त्या पोराला काय बोलू नगंस, साधं हाय बिचारं. साधं म्हणजे प्रामाणिक. प्रामाणिकपणा मॅनेजमेंटमध्ये दुर्मीळ आहे.

११ डिसेंबर
भाऊसोंनी आज सगळ्यांसमोर सांगितलं, जनरल मॅनेजर ठरलाय, सोमवारपास्नं येतोय. परका नगं, घरातलाच माणूस बरा.
घरातला! सात वर्षं या माणसाचं हॉटेल घरासारखं सांभाळलं, त्याची जाणीव आहे त्यांना. 'येतोय' हा शब्द जरा विचित्र वाटला, कारण मी इथेच आहे. पण भाऊसोंचं बोलणं तसंच. स्नेहलला सांगितलं. तिने पेढे आणले. सासूबाई फोनवर रडल्या.

१५ डिसेंबर, दुपारी
घरातला माणूस म्हणजे जावई. पृथ्वीराज. प्रीतीचा नवरा.
सकाळी रिसेप्शनवर कळलं. ललिताने सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. वाटलं, सरळ घरी जावं. पण घरी पेढ्यांचा बॉक्स अजून टेबलावर होता. मग ठरवलं, मोठ्या मनाने स्वागत करायचं. बरोबरीच्या नात्याने हात मिळवायचा. ब्लेझर घालून दारात उभा राहिलो. गाडी आली. जावईबापू फोनवर बोलत उतरले आणि मी पुढे केलेल्या हातात त्यांनी बॅग दिली.
नाही म्हणता आलं नाही. बॅग घेऊन केबिनपर्यंत गेलो. टेबलावर ठेवली. एसी लावला. आपली ओळख करून द्यावी म्हणून जरा थांबलो. ते खिडकीकडे तोंड करून फोनवर बोलत होते. बोलता बोलताच खिशात हात घातला आणि मागे न बघता एक नोट माझ्याकडे धरली.
आजवर एवढं शिकवलं, पण देणाऱ्याने समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं असतं, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. फार लागलं. बाहेर येऊन जिन्यात बसून राहिलो.
आता स्नेहलचा फोन आला होता. तिची बहीण अभिनंदन करायला तिच्या शेजारीच बसली होती. स्नेहलने विचारलं, झालं का सगळं नीट? म्हणालो, हो. नव्या केबिनमधूनच आलो आत्ता.