फर्स्ट बेसवर भावनेला जागा नाही

४ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. बेसबॉलचा सीझन तोंडावर आलाय आणि माझी मतं कुठेतरी नोंदवून ठेवायलाच हवीत. नाहीतर मागाहून आमचं सगळं बाराओना गाव म्हणतं, आम्हीही हेच म्हणत होतो.

मत पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं: आमच्या गावच्या टीमने, पेलिकानोसनी, चिचो कुएवासला काढावं. इतकी वर्षं त्याने फर्स्ट बेस सांभाळला, मान्य. पण माणूस चाळिशीला टेकलाय! फर्स्ट बेसवाल्याचं काम काय? मैदानातला जो तो चेंडू उचलणार आणि तुझ्याकडे फेकणार. तू एक पाय बेसवर ठेवायचा आणि वाकून, ताणून, कसाही तो पकडायचा. चिचो वाकतो तेव्हा स्टँडमधल्या बायका छातीवर क्रॉसची खूण करतात.

हे नेरेइदाला सांगितलं. बायको म्हणाली, अबेलार्दो, तूही फर्स्ट बेसच खेळतोस ना? आणि तू तर अठ्ठावन्नचा आहेस.

अहो, ते पगारी बेसबॉल, आणि आमची ती चाळिशीपुढच्यांची रविवारची सॉफ्टबॉल लीग. तिथे अनुभव लागतो. तिथला फर्स्ट बेस मी चाळीस पूर्ण केले त्या वर्षापासून माझा आहे. तो प्रश्नच नाही.

संकल्प: उद्यापासून सकाळी समुद्राकडच्या रस्त्यावर पळणे. तळलेली केळी बंद. तळलेलं चीज बंद.

५ सप्टेंबर

रात्री वीज गेली, पंखा बंद, झोप नाही. अशा शरीराने पळणं धोक्याचं. उद्यापासून.

केळी खाल्ली. नेरेइदाने तळून ठेवली होती, टाकून द्यायची का?

६ सप्टेंबर, सकाळी ८.१०

रेडिओच्या सकाळच्या कार्यक्रमाला फोन लागला! सूत्रसंचालक तावितो म्हणाला, बोला डॉक्टर. मी फार्मसीवाला आहे, डॉक्टर नाही, पण अशा दुरुस्तीत लोकांचा वेळ का घालवावा. चिचोच्या गुडघ्याचं सविस्तर निदान केलं. आतली गादी झिजलीय, वाटी सरकलीय, वगैरे. तावितोने विचारलं, तुम्ही गुडघा तपासलाय का? मी म्हणालो, टीव्हीवर स्वच्छ दिसतो.

शेवटी एक वाक्य टाकलं, "फर्स्ट बेसवर भावनेला जागा नाही." आपोआप सुचलं. दुपारपर्यंत दोन गिऱ्हाइकांनी मलाच ऐकवलं.

९ सप्टेंबर

दुकानातला वजनकाटा बिघडलाय. गिऱ्हाइकांना बरोबर दाखवतो, मला जास्त. नेरेइदा म्हणाली, काटा बदलू नकोस. मीही तेच म्हणतो. त्याच्यावर उभं राहायचीच काय गरज?

पळणं: सोमवारपासून. आठवड्याच्या मध्ये सुरुवात केली की टिकत नाही.

१२ सप्टेंबर

आज रेडिओवर कमाल केली. म्हणालो, चिचोला एकदम हाकलू नका, लोक रडतील. त्याला छानसं जॅकेट द्या. हातात क्लिपबोर्ड, गळ्यात शिट्टी. पाण्याच्या पिंपाशेजारी खुर्ची टाका आणि म्हणा, आजपासून तुम्ही कोच. माणसाला कळतसुद्धा नाही आपल्याला काढलंय ते! तावितोला हसू आवरेना. जाहिरातीनंतर ते त्याने पुन्हा ऐकवलं.

संध्याकाळी किल्वियो दुकानात आला. किल्वियो म्हणजे नेरेइदाचा धाकटा भाऊ आणि आमच्या सॉफ्टबॉल टीमचा मॅनेजर. आमच्या लग्नात अंगठ्यांची उशी धरून हा पुढे चालत होता आणि मध्येच रडायला लागला होता. आता मॅनेजर! म्हणाला, दाजी, तुमचं रेडिओवरचं फार पटलं, विशेषतः शिट्टीचं. मी म्हणालो, ऐकत जा, शिकशील.

१७ सप्टेंबर, रविवार

वर्षातली पहिली प्रॅक्टिस. उत्तम. काही चेंडू सुटले, पण त्यांची कारणं स्पष्ट आहेत. पहिल्याला ऊन डोळ्यांवर होतं. दुसरा किल्वियोनेच वाकडा फेकला. मग एक गवतात उसळला. एक तर मी मुद्दाम सोडला, मागच्यांनाही जरा पळायला मिळावं. पायांमधून गेला तो हाच.

एकदा वाकलो आणि थोडा वेळ तसाच राहिलो. लोकांना वाटलं कंबर धरली. मी जमीन बघत होतो. खडे फार आहेत.

नंतर बंदरवाल्यांच्या टीमशी वाद. त्यांना एकोणचाळीस वर्षांचा पिचर खेळवायचाय. मी आडवा गेलो. म्हणालो, चाळीस म्हणजे चाळीस. एक दिवस कमी असेल तर घरी बसा. आणि चाळीस पूर्ण झाले की मग तो कोणी का असेना, त्याला कोणी ना म्हणायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम माझा म्हणून पास झाला.

२१ सप्टेंबर

आज काय झालं ते कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे.

दुपारी दुकानात मी एकटाच. एक उंच माणूस आत आला आणि काउंटरला टेकला. चिचो कुएवास! टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बारीक आहे. म्हणाला, डॉक्टर, गुडघ्याला काहीतरी द्या. मी मलम काढून दिलं. मी स्वतः लावतो तेच, हिरव्या डबीतलं.

बोलता बोलता म्हणाला, रेडिओवर एक डॉक्टर आहे, रोज माझ्या गुडघ्यावर बोलतो. माझी आई ऐकते आणि माझ्या नावाने मेणबत्ती लावते. मी त्या वेळी डब्या नीट लावत होतो. आवाज ओळखेल म्हणून घसा बसल्यासारखं बोललो. त्याने मलाच खोकल्याची गोळी सुचवली.

जाताना म्हणाला, मला अजून एकच सीझन हवाय. मग मी आपणहून जातो, कोणी ढकलायला नको.

मी म्हणालो, तुमच्यात अजून तीन सीझन आहेत. का म्हणालो कोण जाणे. गिऱ्हाइकाचं मन राखावं लागतं.

२२ सप्टेंबर

ठरवलं होतं, आज रेडिओवर चिचोचं नाव घ्यायचं नाही. दुसऱ्या विषयावर, तिकिटांवर वगैरे बोलायचं. पण तावितोच म्हणाला, या डॉक्टर, आज गुडघा काय म्हणतोय? आता इतके लोक ऐकत असताना काय करणार? म्हणालो, गुडघ्याची अवस्था मी समजत होतो त्याहून वाईट आहे, खात्रीलायक माहिती आहे.

माणूस चांगला आहे. पण फर्स्ट बेसवर भावनेला जागा नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार

पळालो! फार्मसीपासून एलिगियोच्या दुकानापर्यंत. म्हणजे कोपऱ्यापर्यंत. तिथे डॉमिनो चालू होता, चौथा गडी कमी होता. मित्रांना नाही म्हणणारा मी माणूस नव्हे.

२८ सप्टेंबर

जिंकलो! पेलिकानोसनी चिचोला मोकळं केलं. फर्स्ट बेसवर नवा, बावीस वर्षांचा पोरगा. मालकांनी चिचोला कोच हो म्हटलं होतं, त्याने मान हलवली आणि हातमोजा काखेत घालून घरी गेला. जॅकेट तरी घ्यायला हवं होतं.

हे माझं काम आहे. तावितोसुद्धा म्हणाला, श्रोत्यांच्या दबावापुढे टीम झुकली. श्रोते म्हणजे कोण, सांगायला नको. एलिगियोच्या दुकानासमोर सर्वांना हे समजावून दिलं. कोणी बिअर पाजली नाही, पण लोक भारावले की असे गप्प होतात.

नेरेइदा म्हणाली, त्याची आई सकाळी माझ्यापुढेच भाजी घेत होती, डोळे सुजलेले होते. मग तिने जेवण वाढलं, पण भांडी आपटून.

१ ऑक्टोबर, रविवार

प्रॅक्टिस. किल्वियोने मला फर्स्ट बेसवर उभंच केलं नाही. म्हणाला, दाजी, तुम्ही सावलीत बसून बघा, तुमची नजर चांगली आहे. स्टार खेळाडूला सीझनपूर्वी असंच जपतात. सावलीत बसून जपून घेतलं.

किल्वियो सारखा फोनवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. बहुधा चांगला पिचर मिळतोय. मिळू दे.

५ ऑक्टोबर

टीमच्या नव्या शर्टांची मापं द्यायची होती. नेरेइदाने फीत कमरेभोवती आणली, दोन टोकं जुळेनात. फीत जुनी आहे, आटलीय. मी माप मागच्या वर्षीचंच कळवलं.

किल्वियो म्हणाला, तुमच्या शर्टाचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका. मेव्हणा असला तर असा!

८ ऑक्टोबर, रविवार

किल्वियो जेवायला आला. बरोबर मोठा खोका. मला म्हणाला, उघडा दाजी.

आत निळं जॅकेट, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'कोच'. अगदी मापात बसलं, पोट धरून. आरशापुढे उभा राहिलो. म्हटलं, कोणीतरी माझ्या बुद्धीची कदर केली खरी. तळाशी क्लिपबोर्ड. त्याच्याखाली शिट्टी. शिट्टी गळ्यात घातली आणि तेव्हा आठवलं.

विचारलं, माझी खुर्ची कुठे असणार? किल्वियो माझ्याकडे न बघता म्हणाला, पाण्याच्या पिंपाजवळ, दाजी. तिथे गार वाटतं.

मी चिडलो. म्हणालो, नालायका, तुला हातमोजा घालायला कोणी शिकवलं? म्हणाला, तुम्हीच. म्हणालो, माझ्या जागी कोण? म्हणाला, त्याचे बुधवारी चाळीस पूर्ण होतायत, त्याआधी नाव घेत नाही, नियम तुमचाच. मग मी आवाज खाली आणला. म्हणालो, अरे, अजून एकच सीझन दे. मग मी आपणहून जातो, कोणी ढकलायला नको.

बोललो आणि शिट्टी गळ्यातून काढून खोक्यात ठेवली.

किल्वियोलाही वाईट वाटलं असावं. पण म्हणाला, दाजी, फर्स्ट बेसवर भावनेला जागा नाही. नेरेइदा स्वयंपाकघरात होती. हसली नाही. त्याचंच जास्त लागलं.

११ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी तावितोने रेडिओवर चिचो कुएवासला चाळिसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

रेडिओ बंद केला. परत लावला. तारीख पाहिली. बुधवारच.

१२ ऑक्टोबर

बंदरवाल्यांना भेटलो. म्हणालो, वयोमर्यादा पंचेचाळीस करू या, लीगची प्रतिष्ठा वाढेल. ते म्हणाले, अहो, चाळीस पूर्ण झाले की कोणी ना म्हणायचं नाही, हे तुम्हीच टेबलावर मूठ आपटून सांगितलंत ना? टेबल अजून डगमगतंय.

१५ ऑक्टोबर, रविवार

लीगची पहिली मॅच. इतकी गर्दी कधी पाहिली नव्हती. बायका, म्हातारे, ढोल, सगळे चिचोसाठी. त्याची आई पहिल्या रांगेत, छत्री उघडून.

मी पिंपाजवळ. क्लिपबोर्डवर कागद नव्हता. किल्वियो लावायला विसरला. मीही मागितला नाही.

पहिलाच फटका जमिनीवरून, थ्रो खाली, वाकडा. माझ्याकडे आला असता तर... असो. चिचोने एक पाय बेसवर ठेवला, दुसरा लांब ताणला, जमिनीलगत हातमोजा नेला आणि चेंडू असा उचलला, जणू तो तिथेच ठेवला होता. सगळं स्टँड उभं राहिलं. मीही. माझा पाय आखडला होता म्हणून.

मग तोंडातून निघालंच, शाब्बास चिचो, खाली राहा, खाली! तो वळला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. डाव संपल्यावर पाणी प्यायला आला आणि म्हणाला, डॉक्टर, तरीच दुकानात वाटलं, हा आवाज मी रोज ऐकतो.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने हिरवी डबी पुढे केली आणि पँट गुडघ्यावर ओढली. मी मलम लावलं. त्याचा गुडघा आज पहिल्यांदा पाहिला. वाटी जागच्या जागी. मला लाज वाटली. कोण वाचतंय, म्हणून लिहितो.

आम्ही जिंकलो. घरी आल्यावर नेरेइदाने न विचारता केळी तळली.

१६ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

उपाय सापडला! पेलिकानोसचा बावीस वर्षांचा पोरगा पहिल्या दोन्ही मॅचमध्ये चाचपडला. रेडिओला फोन लावला. म्हणालो, चिचोला ताबडतोब परत घ्या. चाळीस म्हणजे काही वय आहे? गुडघा उत्तम आहे, यावेळी मी स्वतः तपासलाय. अनुभवाला किंमत आहे की नाही? थोडी भावना दाखवा!

तावितो म्हणाला, डॉक्टर, चिचो इथे माझ्या शेजारीच बसलाय, त्यालाच विचारू.

चिचो म्हणाला, धन्यवाद, पण मी आहे तिथेच खूश आहे. आई बघायला येते, कोच स्वतः मलम लावून देतात. आणि माझ्या आधीचा माणूस तिथे अठ्ठावन्नपर्यंत खेळला. म्हणजे माझीही अजून अठरा वर्षं पक्की.

फोन ठेवला. किल्वियोचा निरोप आलाय, रविवारी जरा लवकर या, पिंप भरायचंय.