दोन दारं की चार

शनि. ४ जाने.
शिंदखेड्याला जाऊन आले. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या दोन्ही जुन्या हेरल्ड गाड्या शेडमध्येच उभ्या. पांढरी चार दारांची, पक्क्या टपाची. निळी दोन दारांची, हिचा कापडी टप मागे दुमडतो. डॉक्टरांच्या बाई म्हणाल्या, "कोणतीही घ्या. उरेल ती मुलगा नेईल."
पांढरीच घ्यायची. जुनी गाडी ही माझी हौस, पण कारण अक्का. नानांना लकवा झाल्यापासून तिने धुळ्याचं घर सोडलेलं नाही. नवऱ्याला टाकून बहीण कुठे जात नाही, आणि त्यांना बसमध्ये चढवता येत नाही. आता नाना पुढे, अक्का मागे, मी चालवणार. सरळ हिशेब.
तरी निळीत दोनदा बसून आले.

बुध. ८ जाने.
निळी घेतली.
बाईंनी विचारलं, "नक्की ना?" हो म्हणाले. माझंच तोंड.
येताना पारोळ्यापर्यंत टप खाली. कपाशीच्या शेतातल्या बाया हात थांबवून बघत होत्या. सत्तावन्नाव्या वर्षी मोठ्याने गात होते. जळगावात शिरताना गप्प झाले.

गुरु. ९ जाने.
अक्काचा फोन. "भेटनी का पांढरी?"
म्हटलं, ती त्यांच्या मुलाने ठेवून घेतली. निळीच मिळाली.
सहज निघालं तोंडातून. खोटं बोलताना मी एवढी सराईत असेन असं वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "काही हरकत नाही शोभे, गाडी ती गाडी."

रवि. १९ जाने.
गाडी धुळ्यात देवपूरला, अक्काकडे नेली. गल्ली जमा. अक्काने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.
मग बसायची वेळ. मागे जायचं तर पुढची सीट वाकवून, त्या फटीतून वाकून शिरायचं. अक्काचे गुडघे. एक पाय आत गेला, दुसरा येईना. मी खालून धरलं. शेजारची पोरं हसली तशी तीही हसली, पातळ सावरलं आणि बाहेर आली. "पुढच्या येळे," म्हणाली. जेवायला भरीत, कळण्याची भाकरी.

रवि. २६ जाने.
अक्का म्हणाली, "तुम्ही दोन्ही जाई या. मी घरच थांबसू."
शेजाऱ्याच्या मदतीने नानांना पुढे बसवलं. दार मोठं असल्याने ते सोपं गेलं, एवढं तरी. सोनगीरपर्यंत टप उघडा. नानांनी उभा जन्म एसटी चालवली, आता धड दोन शब्द निघत नाहीत. फाट्यावर किल्ला दिसला तसा चांगला डावा हात दाराबाहेर काढून त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या. कंडक्टर मारतो तशा. आणि हसले. आवाज काढून हसले.
परत आलो तर अक्का फाटकाशी. तिला सांगितलं. तिचे डोळे भरले. "बरं झालं ही गाडी भेटनी," म्हणाली.
याहून तिने शिव्या दिल्या असत्या तर

सोम. २७ जाने.
काल वाक्य अर्धंच ठेवलं. तसंच राहू दे.

रवि. २ फेब्रु.
आज अचानक गेले, न कळवता. अक्का ओट्यावर. पाटावर बसायची, उठायची, पुन्हा बसायची. एक हात भिंतीला. घामाघूम.
"हे काय?"
"सवय करी ऱ्हायनू. गुडघा वाकला का मागे बसता येई."
कोणी शिकवलं विचारलं. कोणी नाही, तिचं तिनेच ठरवलं. शिवरात्रीपर्यंत जमेल म्हणते. मग तिघं असोद्याला, माहेरच्या शेतात जाऊ. केळी कापणीला आली असतील.
मी पाट उचलून आत ठेवला. तिने परत आणला.

मंगळ. ११ फेब्रु.
शिंदखेड्याहून बाईंचा फोन. मुलगा पांढरी न्यायचं नाव घेत नाही. त्याला खरं तर निळी हवी होती. "बदलायची असेल तर सांगा, मला काय, दोन्ही डॉक्टरांच्याच."
लगेच हो म्हणायला हवं होतं. म्हणाले, कळवते. का? नानांना उघडी गाडी आवडते म्हणून? ते खरं आहे. पण संध्याकाळी उगाच मेहरूण तलावाला दोन फेऱ्या मारल्या, तेव्हा नाना गाडीत नव्हते.

रवि. १६ फेब्रु.
अक्काला सांगितलं. ती मटार सोलत होती. पांढरी तेव्हाही होती, मीच घेतली नाही. तुला खोटं सांगितलं. अजूनही मिळू शकते.
ती सोलत राहिली. वाटलं, आता उठून आत जाईल.
मग नाना निजले होते त्या आतल्या खोलीकडे बघून म्हणाली, "पांढरीमा यास्ले इतलं दिसी का?"
म्हटलं, नाही. एवढं नाही दिसणार.
खरंच उत्तर दिलं. पण देताना मला आधी कोणाची काळजी होती, नानांची की निळीची, ते घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही. अक्का मटार धुवायला गेली, भिंत धरत.
बाईंना अजून फोन केलेला नाही.