शोकाकुलांची रांग

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला आज तुम्हीच आठवलात. घरात दुसऱ्या कुणाशी भांडता येत नाही, सुतक चालू आहे. माझे वडील गेले. तुम्ही त्यांना एकदाच पाहिलं होतं, आर्ट कॉलेजातल्या आमच्या वर्षाच्या प्रदर्शनात. गिरणीतली पहिली पाळी करून ते तसेच दादरला आले होते आणि माझ्या चित्रासमोर बराच वेळ उभं राहून तुम्हाला म्हणाले होते, "बाई, पोराने कागद पुरा भरला नाय, ओरडा त्याला." तुम्ही हसलात. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आता त्यांच्याच फ्लेक्सवरून माझं डोकं फिरलंय, आणि त्यात तुमचा हात आहे, म्हणून हे लिहितोय.

पहिली सहामाही तुम्ही आम्हाला फक्त काळा चौकोन चिकटवायला लावलात. पांढरा कागद आणि एक काळा चौकोन, बस्स. मधोमध चिकटवला तर म्हणायचात, "झोपलाय." कडेला नेला तर, "पडतोय." मग दोन चौकोन, मग चौकोन आणि एक ओळ. कागद उलटा करून भिंतीला टाचायचात, वर्गाच्या पार मागे जाऊन उभ्या राहायचात आणि तिथून एकेक वाक्य फेकायचात. "जवळ आणलंस की नातं लागतं, लांब नेलंस की तुटतं." "प्रत्येकाने कुणाच्या तरी रांगेत उभं राहायचं, अधांतरी कुणी नको." "एका कागदावर एकानेच मोठ्याने बोलायचं." आणि सगळ्यांत लाडकं वाक्य, "मोकळी जागा म्हणजे मान. ज्याला मान द्यायचा त्याच्याभोवती गर्दी करायची नाही." मी पाणी वाचवायचं पोस्टर केलं होतं. नळ, बादली, हंडा, हंडा घेतलेली बाई, थेंब, थेंबांना डोळे. तुम्ही दोन्ही तळवे त्यावर ठेवून निम्मं पोस्टर झाकलंत आणि सगळ्यांदेखत विचारलंत, "तुला भीती वाटते का रे मोकळ्या जागेची?" वर्ग हसला. बाई, लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठ माणसं राहत होतो. भिंतीवर फळी, फळीवर डबे, डब्यांवर देव, देवांवर कॅलेंडर. मोकळी जागा मी पाहिली होती कुठे, की तिची भीती वाटावी?

ती पाहिली तुमच्याकडे. दिवाळीनंतर तुम्ही सगळ्यांना शिवाजी पार्कच्या घरी चहाला बोलावलंत. एवढी मोठी भिंत आणि तिच्यावर एकच लहानसं चित्र, तेही मधोमध नाही. मी कपातला चहा गार होईपर्यंत त्या भिंतीकडे बघत बसलो होतो. निघताना तुम्ही मला तुमची स्वतःची स्टीलची पट्टी दिलीत आणि म्हणालात, "तुझी नजर चांगली आहे, फक्त कोंबाकोंब सोड." त्या दिवसापासून मी कोंबाकोंब सोडली. इतकी सोडली की पुढे घरी आल्यावर मला त्या फळ्यांचा आणि डब्यांचा त्रास व्हायला लागला. आई म्हणायची, "कालेजात जावन ह्याका भिंती दिसूक लागल्यो."

आणि हिंदमाता आठवतं का? तुम्ही आख्खा वर्ग घेऊन साड्यांच्या दुकानांसमोर उभ्या होतात. एका काचेत साड्या नुसत्या रचलेल्या, लटकवलेल्या, वरून खालपर्यंत, आत काय आहे ते दिसेना. शेजारच्या काचेत एकच जांभळी साडी, तिच्यावर एकच दिवा. "बघा," तुम्ही म्हणालात, "कुठलं दुकान तुमच्याशी बोलतंय?" आम्ही सगळे म्हणालो, जांभळ्या साडीचं. पण बाई, त्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मालक स्टुलावर बसून पेपर वाचत होता. शेजारच्या कोंबलेल्या दुकानात बायकांना पाय ठेवायला जागा नव्हती. हे आम्हा सगळ्यांना दिसलं होतं. तुम्हालाही दिसलं असणार. बोललं कुणीच नाही, आणि ते तुम्ही बोलायला हवं होतं असं मला आज फार वाटतं.

आबा परवा पहाटे गेले. आम्ही त्यांना आबाच म्हणायचो, चाळही तेच म्हणायची. आमच्याकडे कुणी गेलं की चाळीच्या फाटकावर त्याचा फ्लेक्स लागतो, तेराव्यापर्यंत राहतो. हे तुमच्या वेळी नव्हतं. मध्ये गेलेल्याचा फोटो, आणि खाली 'शोकाकुल' लिहून चाळीतल्या लोकांचे चेहरे, ओळीवर ओळी. लोअर परळच्या काचेच्या इमारतीत मी डिझाइनचा मुख्य म्हणून बसतो, आणि या चेहऱ्यांवर आम्ही तिथे पोट धरून हसतो. म्हणून स्मशानातून आल्यावर मंडळाच्या पोराला मी म्हटलं, आबांचा फ्लेक्स मी करणार. माझ्या बापाचा फ्लेक्स कुणी हसण्यासारखा व्हायला नको होता. डोळे चुरचुरत असताना बसलो आणि केला. फिकट राखाडी पार्श्वभूमी, डाव्या बाजूला आबांचा फोटो, फोटोच्या कडेला धरून नाव, खाली जन्म-मृत्यूची दोन वर्षं. बाकी सगळं मोकळं. बाई, तुम्ही वर्गाच्या मागून बघितलं असतंत तरी चूक सापडली नसती. पोराला फाइल पाठवली आणि पहिल्यांदा मला रडू आलं.

थोड्याच वेळात त्याचा फोन. हा पोरगा मंडळाचा सेक्रेटरी, पंचविशीतला असेल. "काका, फाइल अर्धीच आलीय काय? फ्लेक्सवाला बोलतो करप्ट झालीय. सगळं ब्लँक येतंय."

"अर्धी नाही रे. तेवढीच आहे."

"तेवढीच म्हंजे? शोकाकुल कुठेयत?"

"नाही ठेवलेत. बरं दिसत नाही."

"काका, राग नका मानू. पण असं लावलं तर लोक काय बोलतील? आबांना माणसंच नव्हती काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "फ्लेक्स आबांचा आहे की तुमचा?" त्यावर तो आवाज न चढवता म्हणाला, "आमचा पण आहे ना, काका." मी फोन ठेवला. तत्त्वाची बाजू माझी होती, शिक्षण माझं होतं, बापही माझा होता, आणि तरी पोरगा जिंकल्यासारखा का वाटतोय ते कळेना, त्याचा आणखी संताप. आईला लॅपटॉप दाखवला. म्हटलं, निदान ही तरी समजून घेईल. तिने चष्मा शोधला, डोळे पुसले, पुष्कळ वेळ पाहिलं. मग त्या राखाडी मोकळ्या भागावरून बोट फिरवत म्हणाली, "एकटेच दिसतत रे. आमची माणसा खंय गेली?"

बाई, हे तुम्ही शिकवलं नव्हतंत. मोकळी जागा म्हणजे मान, हे तुमच्या भिंतीवर खरं होतं. आमच्या फाटकावर मोकळी जागा म्हणजे खांदा द्यायला कुणी आलं नाही. आणि जवळ आणलं की नातं लागतं, हेही तुम्हीच सांगितलेलं. तुमचंच एक तत्त्व दुसऱ्याच्या उरावर बसलं की काय करायचं, ते कुठल्या सहामाहीत होतं? इतकी वर्षं मी ते नियम ऑफिसात हाताखालच्या पोरापोरींना शिकवतोय, तुमच्याच आवाजात, कागद उलटा करून. कुणी शंका काढली की तुमच्यासारखाच हसतो. आणि सख्ख्या बापाच्या वेळी मला माझ्याच अडाणी आईने निरुत्तर करावं? अडाणी म्हटलं, ते रागात म्हटलं. पण खोडत नाही, राग आहेच.

शेवटी मीच पोराला फोन केला. म्हटलं, फोटो पाठवा. रात्रभर व्हॉट्सअ‍ॅपवर चेहरे येत राहिले. एक जण गोव्याच्या समुद्रावर गॉगल लावून, एक लग्नातला फेटा बांधून, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात. मी शिव्या घालत एकेकाची पार्श्वभूमी कापत होतो. गॉगलवाला म्हणजे डायलिसिसच्या दिवशी आबांना खुर्चीत बसवून चार मजले उतरवणारा. फेटेवाला हॉस्पिटलच्या बाकावर झोपायचा, म्हणजे आई घरी जाऊन आडवी व्हायची. मी ठाण्याला. मी रविवारी फळं घेऊन यायचो. जी मोकळी जागा मी आबांभोवती इतक्या निगुतीने ठेवली होती, तिच्यात मी तरी कुठे होतो? गॉगल मी तसाच ठेवला. काढता आला असता, आता यंत्राला सांगितलं की तेही होतं, पण त्याच्याशिवाय तो पोरगा ओळखू आला नसता.

सगळे लावून फाइल पाठवली, तेव्हा सेक्रेटरी म्हणाला, "काका, तुमचा फोटो? मुलगा म्हणून वरती मोठा टाकू." आजवर माझा चेहरा मी कुठल्याही फ्लेक्सवर जाऊ दिलेला नाही. मी म्हटलं, मोठा नको, बाकीच्यांएवढाच, त्यांच्यातच कुठेतरी. तो म्हणाला, बरं, फोटो पाठवा, फ्लेक्सवाल्याकडे जागा बघून बसवतो.

हे पत्र तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं. समासात लाल पेन्सिलीने खुणा करून परत धाडलं असतंत. पण एक गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. आज सकाळी फ्लेक्स लागला. येणारेजाणारे थांबून हात जोडत होते, मीही त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. मध्ये आबा, एवढे मोठे, हसरे. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. खालच्या गर्दीत ओळीमागून ओळ मी स्वतःला शोधत होतो, आणि सापडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.