लिफ्टजवळची नोटीस

मंगळवार संध्याकाळ, कुकटपल्ली, हैदराबाद

आज तिसऱ्या मजल्यावरच्या श्रीनिवासच्या आईचा दहावा. भेटायला गेलो. दाराजवळची भिंत अजून काळीच आहे. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी उन्हातून वर आणून तो तिथेच चार्जिंगला लावायचा, तशीच गरम. त्या दुपारी लावून तो दुकानात गेला तेवढ्यात बॅटरीने पेट घेतला. म्हातारी आत एकटी, आणि बाहेर पडायला तेच एक दार.

पार्किंगमध्ये चार्जिंगला मनाई, ही नोटीस माझी. असोसिएशनचा सेक्रेटरी म्हणून खाली सहीही माझीच. गाड्या पेटतील, एवढंच डोक्यात होतं. मग लोक बॅटरी नेतील कुठे? हे मला तेव्हा का नाही सुचलं? खाली मोकळ्यावर एक प्लग दिला असता तर...

जाताना लिफ्टजवळची ती नोटीस काढून खिशात घातली होती. त्याच्यासमोर फाडायची, माफी मागायची, त्याला हवं तेवढं बोलू द्यायचं, असं ठरवून गेलो. त्याने उलट माझ्यासाठी खुर्ची पुसली. म्हणाला, "आप मना करे थे ना सर, हम कभी नीचे नै लगाए."

तक्रार नव्हती त्यात. माझं ऐकलं होतं त्यांनी, एवढंच सांगत होता.

नोटीस खिशातच आहे.