यरीहोच्या सात फुंका

आदरणीय लितारावन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा, फुआतिनोचा, प्रभूमध्ये सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? ऑकलंडच्या थंडीत त्याला नीट गुंडाळून ठेवता की अजून दुसऱ्यांच्याच गुडघ्यांची चौकशी करत फिरता? भाऊजींचा खोकला आणि धाकट्या नातवाचे दात, दोन्हींची खबर सविस्तर कळवा. इकडे मी बरी आहे. निरफणसाला यंदा फार फळ लागलंय आणि घरात खाणारं तोंड एकच, त्यामुळे डुकरं खुशीत आहेत. तुमच्या भावाच्या कबरीला गेल्या शनिवारी पांढरा रंग दिला. सकाळचा कोको मी तिथंच बसून घेते, कारण अंगणात सावली तेवढीच आहे. (तुम्ही यापेक्षा जास्त काही समजू नका. समजलात तरी लिहू नका.)

तुम्ही विमानाच्या तिकिटाचं विचारलंत. देवळाचा तरुण संघ हातातून गेला की येते, असं मी कबूल केलं होतं, कारण मग इथं माझं काम उरत नाही. आणि तो जाईल याची सोय आपल्या मंडळीच्या डीकन इओपूंनी चोख केली होती. तुमचे भाऊ लाफाएले गेल्यावर मंडळीनं पोरं माझ्याकडे ‘सध्यापुरती’ दिली, त्याला आता दोन वर्षं झाली. मध्यंतरी इओपूंचा पुतण्या सेमिसी आपियाहून धर्मशिक्षण घेऊन परतला. सोबत गिटार, प्रमाणपत्र आणि पांढरे बूट. तेव्हापासून इओपू सांगत सुटले, की सातवी शिकलेल्या बाईनं पोरांना यहोशवा काय शिकवायचा? मी म्हटलं, यहोशवाची तरी कुठं परीक्षा झाली होती? (मी तुमच्या भावाच्या पेटीतली सगळी पुस्तकं वाचून काढलीत, एक सोडून. ते बोटीच्या इंजिनावरचं आहे, आणि तेही अर्धं झालंय.)

शेवटी ठरलं की परगण्याचे थोरले पाळक गुरुवारी चार वाजता येऊन पोरांचं काम बघतील आणि निकाल देतील. मी यरीहोचं नाटक बसवलं, यहोशवाची माणसं फेऱ्या घालून रणशिंग फुंकतात आणि तट कोसळतो ते. तटबंदीला मासळीच्या डब्यांची खोकी मिळाली. राहिलं रणशिंग. आधी पोरांतला इसाको तोंडानं आवाज काढून बघत होता, पण त्याची शेळी होत होती. म्हणून मी लाफाएलेंचा शंख खुंटीवरून काढला. बावीस वर्षं संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख त्यांनीच फुंकला, पहिल्या फुंकेला घरात, दुसरीला प्रार्थना, तिसरीला सुटका, हे तुम्हाला काय सांगायचं. ते गेल्यापासून शंख बंद आहे. आंब्याला गॅसचा रिकामा सिलिंडर टांगलाय, तोच लोखंडानं बडवतात. मला वाटलं, लोक शंख विसरले असतील. चूक झाली ती एवढीच.

तीन वाजता तालीम सुरू झाली. यरीहोला सात फेऱ्या, म्हणून सात फुंका. पहिल्या फुंकेला आमच्यातल्या पेलेनातेची आई पिळलेली चादर टाकून घराकडे पळाली आणि मैदानातला व्हॉलीबॉल थांबला. दुसऱ्या फुंकेला सगळं गाव डोळे मिटून प्रार्थनेला बसलं. तिसरीला उठलं. सूर्य डोक्यावरून जेमतेम कललेला, पण शंख लाफाएलेंचा, त्यामुळे घड्याळाकडे कुणी बघितलंच नाही. चौथीला सगळे पुन्हा घरात, पाचवीला पुन्हा प्रार्थना, सहावीला सुटका. कुणी म्हणालं पंतप्रधान गेले, कुणी म्हणालं वादळ येतंय. सातवीला सगळे पुन्हा आत गेले, आणि त्यानंतर काहीच वाजलं नाही. गाव आत बसून राहिलं. आम्ही बापडे देवळात खोकी पाडण्यात दंग, आम्हाला कशाचा पत्ता नाही.

आणि नेमकी तेव्हाच इओपूंची गाडी वेशीवर आली. आमची फजिती आयती दिसावी म्हणून ते थोरल्या पाळकांना आणि सेमिसीला तासभर आधीच घेऊन निघाले होते. प्रार्थनेच्या वेळी गावात पाऊल टाकायचं नाही, म्हणून राखणदारांनी काठ्या आडव्या धरल्या. इओपू म्हणाले, अरे, दुपारचे तीन वाजलेत. राखणदार म्हणाला, “काका, वेळ तुमचं घड्याळ ठरवत नाही, शंख ठरवतो. गुमान बसा, आणि ती टोपी काढा.” पाऊण तास ते उन्हात गाडीत बसले. थोरल्या पाळकांनी म्हणे दहा मिनिटं प्रार्थना केली आणि मग झोप काढली. शेवटी गावप्रमुखांच्या बायकोच्या भट्टीत अळकुड्या जळायला लागल्या, तेव्हा तिनंच जाऊन सिलिंडर बडवला.

मग सगळं गाव देवळात. गावप्रमुखांनी विचारलं, शंख कुणी फुंकला? मी तोंड उघडायच्या आत पेलेनाते उभी राहिली. “मी.” पाठोपाठ इसाको. “मी.” (त्याला मेणबत्ती विझवता येत नाही.) अशी सोळाच्या सोळा पोरं उठली. सतरावा सेमिसी उठला.

थोरले पाळक म्हणाले, “तू तर माझ्या शेजारी बसून घाम पुसत होतास.”

“हो,” सेमिसी म्हणाला, “पण पोरं उभी आहेत.”

इओपू म्हणाले, बघा, हे यांचं शिक्षण. थोरल्या पाळकांनी दुसरं शहाळं संपवलं आणि म्हणाले, “जिच्यासाठी सतरा जण देवळात एका सुरात खोटं बोलतात, तिच्याकडून पोरं काढून दुसऱ्याकडे दिली तर ती त्याचं तरी ऐकतील का? बाई, संघ तुझाच. पण पुढच्या महिन्यात खोटी साक्ष देऊ नये यावर चार धडे घे.” सेमिसी आता आमच्यात गिटार वाजवतो. बूट काढून.

भाऊजींना सलाम, नातवाला पापा.

तुमची,
फुआतिनो

ता. क. तिकीट परत करा. पैसे परत देत नसतील तर इओपूंना बोलावून घ्या, त्यांना हवापालट हवाय.

ता. क. आणखी एक. वर मी पत्ता नव्हता असं लिहिलंय, ते पूर्ण खरं नाही. सहाव्या फुंकेनंतर मी खिडकीशी गेले. गाव रस्त्यावर गोंधळून उभं होतं आणि वळणावर इओपूंची गाडी दिसत होती. सातवी फुंक बाकी होती. मी पेलेनातेच्या हातून शंख घेतला. काठाला टवका उडालाय ना, तिथं लाफाएले ओठ टेकवायचे. मीही तिथंच टेकवले. वन्सं, पहिल्याच दमात वाजला. मग मी पोरांना म्हटलं, आता जरा वेळ कुणी वाजवू नका.

ता. क. आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. तुम्ही तिकडे दहा वर्षं रविवारची शाळा घेतलीत. खोटं बोलू नये याचे चार धडे लिहून लगेच पाठवा. माझ्याच्यानं लिहून होत नाहीत. समोर सतरा जण बसणार (सेमिसीला पोरांनी सांगितलंच), आणि सातवी फुंक कुणाची ते सतराही जणांना ठाऊक आहे.